बंबाच्या पोटातला नळा

डिसेंबर-जानेवारीत पाथरीच्या बाजूला पहाटे अंगणात पाय ठेवला की फरशी चावते. गोदाकाठचं हे सपाट काळं रान दिवसा तापतं आणि रात्री भराभर निवतं. अशा पहाटे न्हाणीच्या तोंडाशी तांब्याचा बंब धुमसत असायचा आणि आजी ओरडायची, "उठा, पाणी झालंय!"

बंबाचं सगळं मर्म त्याच्या पोटातून उभ्या गेलेल्या नळ्यात आहे. चुलीवर पातेलं ठेवलं तर जाळ बुडाला लागून कडेनं निसटतो. बंबात जाळच पाण्याच्या मधोमध. खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, वरून नळ्याचं तोंड उघडं. नळा तापला की आतली गरम हवा वर धावते आणि खालून ताजी हवा ओढून घेते, म्हणून एकदा पेटलेल्या बंबाला फुंकणी लागत नाही. तांबं उष्णता चटकन पलीकडं पोचवतं. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हातोडीनं ठोकून घडवले जात. कारागीर ज्याला मठारकाम म्हणतात त्या ठोक्यांनी पत्रा कठीणही होतो, देखणाही.

आमच्या बंबाची तोटी वरच्या अंगाला होती. नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते थेट तळाशी जायचं आणि वर साठलेलं हलकं, कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचं. घालाल तेवढंच मिळेल. त्यामुळं बंब कधी कोरडा पडत नसे, आणि ते फार मोलाचं, कारण कोरड्या बंबाखाली जाळ राहिला तर डाख वितळून सांधे गळायला लागतात.

जळण रानातलंच. कापूस निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला 375 किलोकॅलरी लागतात. वाळल्या पऱ्हाटीच्या किलोत साधारण 3500 ते 4000 असतात. त्यातला तिसरा हिस्साच पाण्याच्या पदरात पडला असं धरलं, तरी तीनशे ग्रॅम काड्यांत एका माणसाची अंघोळ होते.

इंग्लंडात स्थिरावलेल्या मराठी घरांत हेच काम स्वयंपाकघरातली एक पांढरी पेटी करते, कॉम्बी बॉयलर. तिच्यात गरम पाण्याचा साठाच नसतो. गॅसचा जाळ एका बंदिस्त फेऱ्यातलं पाणी तापवतो आणि पंप ते खोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरवतो. नळ उघडला की पाण्याची धार ओळखली जाते, एक झडप वळते, आणि ते तापलेलं पाणी पातळ पोलादी पत्र्यांच्या जुडीत शिरतं. पत्र्याच्या एका अंगानं ते, दुसऱ्या अंगानं नळाचं थंड पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, उष्णता तेवढी पलीकडं जाते. तोवर खोल्या तापवणं थांबतं. 24 किलोवॅटची पेटी 35 अंशांनी वाढवलेलं पाणी मिनिटाला जेमतेम दहा लिटर देते, म्हणून एकाच वेळी दोन न्हाण्या चालू झाल्या की धार मरते.

धुराबरोबर जाणारी उष्णताही नवी पेटी सोडत नाही. परतीचं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असलं की धुरातली वाफ आतच पाणी होते आणि स्वतःची उष्णता देऊन टाकते. 2005 पासून इंग्लंडात नवा बॉयलर बसवताना, मोजके अपवाद सोडले तर, याच जातीचा लागतो. आमच्या बंबाच्या नळ्यातून ती वाफ सरळ आभाळात जायची.

पाथरीत आता घराघरांत गॅस गिझर दिसतो. नळ उघडला की पेटतो, म्हणजे हा निम्मा कॉम्बीच. पण बंब अंगणात किंवा उघड्या न्हाणीत असायचा, गिझर मात्र कडी लावलेल्या, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये जाऊन बसलाय. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस अंघोळ करता करता कोसळतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर लावा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

बोअरचं जड पाणी मात्र कुणालाच सोडत नाही. गिझरच्या नळीत, कॉम्बीच्या पत्र्यांत आणि बंबाच्या आत तोच पांढरा थर धरतो आणि उष्णता अडवतो. आमच्या बंबातून मग उकळताना खडखड आवाज यायचा. आजी चिंच नि राख घेऊन बाहेरून त्याला आरशासारखा लखलखीत करायची, पण आतला थर काढायला कारागीरच लागायचा. तो नळ्यावर लाकडी मोगरीनं हलके ठोके द्यायचा आणि मग बंब उपडा केला की घमेल्यात चुन्यासारख्या खपल्या पडत राहायच्या.