सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं?

हल्लीं घरोघरीं सकाळींच मोबाइलवर एखादें सुटसुटीत वचन येऊन पडतें. समाजमाध्यमांवर जें थोडक्यांत व ठसठशीत असेल तेंच हातोहात पुढें जातें. 'जर', 'तर', 'परंतु' या शब्दांना तेथें थारा नसतो. त्यामुळें ज्या अटीवर विचार उभा असतो, ती अटच वाटेंत गळून पडते.

इ. स. १९६८ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांत गॅरेट हार्डिन यांनीं सामाईक कुरणाचा दृष्टांत दिला. कुरण सर्वांना मोकळें असलें कीं प्रत्येक गुराखी आणखी एक गुरूं सोडतो. लाभ त्याचा एकट्याचा, हानि मात्र साऱ्यांत वांटली जाते. अखेर कुरण उजाड होतें. हाच विचार आज 'सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं' एवढ्या ओळींत फिरतो, आणि गांवाच्या हातीं रान दिलें कीं तें बुडालेंच, असा त्याचा अर्थ केला जातो. वस्तुतः १९९८ मध्यें हार्डिन यांनींच कबूल केलें कीं, आपला सिद्धांत व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरता होता व तें विशेषण गाळणें ही मोठी चूक होती. ही दुरुस्ती त्या ओळीबरोबर क्वचितच येते.

नियम, देखरेख व दंड यांची घडी लोक स्वतः बसवूं शकतात, हें एलिनॉर ऑस्ट्रम यांनीं दाखविलें. त्यांना २००९ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवाला वनहक्क कायद्यान्वयें सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकूं लागली. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवाला २०१२ मध्यें असाच हक्क मिळाला. तेंदूपानांसाठीं झाडें छाटलीं जातात व रानाला आगी लागतात, म्हणून पदरचें उत्पन्न सोडून त्या गांवानें ती तोडणीच बंद केली. 'कोणाचेंच नसलेल्या' रानासाठीं इतका त्याग कोण करील?

हार्डिन खोटे ठरले, असा याचा अर्थ नव्हे. बेवारशी रान उजाड होतेंच. चूक आहे ती अट गाळण्यांत, आणि तिचा भुर्दंड रानाकांठच्या माणसांना बसतो.

मेंढ्याला अभ्यासगटाची चाल आहे. तेथें विषयाची केवळ सावकाश चर्चा होते. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीनें करते. एका ओळीवर मत बनविण्यापूर्वीं शहरांतील सुशिक्षित घरांनींही एवढी उसंत घ्यावी आणि विचारावें: या वाक्याची अट कोठें गेली?