बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे

इंग्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घेणारे बरेच जण चर्चच्या वहीतली तारीख जन्मतारीख म्हणून उतरवून घेतात. पॅरिश नोंदवही (एका चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी) तिथे १५३८ पासून ठेवली जाऊ लागली, पण तिच्यात तारीख असते ती विधीची. आपण बारशाच्या तारखेवरून पत्रिका मांडत नाही, तसंच हे. बाळ कधी दोन दिवसांचं असे, कधी चार वर्षांचं. तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेलाही सापडतो, आणि शोधणारा त्यांना तिळी समजतो. गोव्यातल्या चर्चच्या जुन्या वह्या वाचतानाही हीच गल्लत होऊ शकते.

इंग्लंडच्या जनगणनेतलं वयही जपून वाचावं. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती; म्हणजे ३९ वर्षांची बाई कागदावर ३५ची. १८५१ पासून नेमकं वय आणि जन्मगाव विचारलं जाऊ लागलं, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. मला स्वतःला चर्चच्या नोंदींच्या सूचीपेक्षा वहीचं मूळ पान जास्त भरवशाचं वाटतं: बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पाद्र्याने कधीकधी बारीक अक्षरात खरी जन्मतारीखही लिहून ठेवलेली असते.