सातबाऱ्यावर नाव असेल तर…

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावे लागते. १९४८च्या कूळ कायद्याच्या कलम ६३नुसार बिगरशेतकऱ्याला त्यासाठी परवानगी काढावी लागते. तेव्हा वडिलोपार्जित चार गुंठ्यांचे हक्कसोडपत्र भावाच्या हाती देण्यापूर्वी थांबा. तेवढ्या तुकड्यावरचे नावही शेतकरी असल्याचा पुरावा ठरते.

विक्रीतही फायदा आहे. शहराच्या हद्दीपासून दूरची शेतजमीन प्राप्तिकर कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्यावर भांडवली नफा कर लागत नाही. शहराची लोकसंख्या १० हजारांहून अधिक ते १ लाख असल्यास हे अंतर २ किलोमीटर, १० लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. तेही रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजलेले. शेतीचे उत्पन्नही करमुक्त, पण पगारदारांनी हुरळू नये: ते ५ हजारांवर गेले की इतर उत्पन्नाचा दर ठरवताना जमेस धरतात.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासोबत कुटुंबातील एका सदस्यालाही संरक्षण आहे. अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात, हप्ता भरावा लागत नाही. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.