नोकरीची चतुःसीमा

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहानपणापासून कानावर पडते. कुणी ती थट्टेने म्हणतो, कुणी अभिमानाने. आता मात्र सेलू-जिंतूर, गंगाखेड-पाथरीकडच्या बी.एड. झालेल्या मुलामुलींच्या बोलण्यात दुबई, मस्कत, दोहा ही नावे सहज येतात. गावच्या विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे झिजण्यापेक्षा दूरची का होईना, पण पगाराची नोकरी बरी, असे त्यांना वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा?

गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. हातात चार पानांचा इंग्रजी कागद होता. म्हणाली, “सर, दुबईच्या शाळेत नोकरी लागली. उद्या सही करून पाठवायचंय.”

“वाचलास का?”

“पगार वाचला, सर.”

वडील कौतुकाने म्हणाले, “गुरुजी, शिकलेली लेक आहे. तिला कोण फसवतंय?”

मला हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. मुलांना ‘प्रश्नपत्रिका दोनदा वाचा’ असे बजावणारी ही बाई स्वतःचा करार एकदाही पुरता न वाचता सही करायला निघाली होती. त्याचे कारणही मला ठाऊक होते. सहा वर्षे जिथे तिने नोकरी केली, तिथे पगारपत्रकावर एक आकडा असे आणि हातात दुसराच पडे. सही म्हणजे वाचून करायची गोष्ट नव्हे, ती करून मोकळे व्हायचे, ही सवय आपल्याच संस्थांनी तिला लावली होती. घरी ही सवय थोड्या पैशांवर निभावते. परदेशात मात्र राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला असतो. तिथे तीच सवय फार महाग पडते.

मी तिच्या वडिलांना विचारले, “दादा, एक एकर रान घ्यायचं तर तुम्ही काय काय बघता?” ते लगेच म्हणाले, “सातबारा बघतो, बोजा बघतो, वाट कुठून आहे ते बघतो, चतुःसीमा बघतो.” मी म्हटले, “मग या कागदाचीही चतुःसीमा बघू.” आणि आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली सीमा पगाराची. एकूण आकडा मोठा दिसतो, पण मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळे पाहावे लागते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. किमान एक वर्ष नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. समजा, दोन शिक्षिकांना महिना ४,००० दिरहमच मिळतात, पण एकीचा मूळ पगार १,५०० आणि दुसरीचा ३,००० आहे. तीन वर्षांनी पहिलीला ३,१५० दिरहम मिळतील, दुसरीला ६,३००. पगार सारखाच, पण हाती येणारी रक्कम निम्मी! शिवाय पगार वर्षाचे बारा महिने की दहाच, उन्हाळी सुट्टीत काय, घर शाळा देणार की भाडे आपण भरायचे, खोलीत किती जणी, विमानाचे तिकीट दरवर्षी की करार संपल्यावर, हे सगळे लिहून घ्यावे. फोनवर ‘मिळेल, मिळेल’ म्हटलेले कागदावर नसेल, तर ते मिळणार नाही असेच धरून चालावे.

पगार कोणत्या चलनात, हाही प्रश्न किरकोळ नाही. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला तेव्हा नायजेरियाने अनेक भारतीय शिक्षक नेले. पुढे तेलाचे भाव पडले आणि १९८६ मध्ये तिथल्या नायराचे मोठे अवमूल्यन झाले. नायरात साठवलेली पुंजी घरी पाठवायची म्हटली की तिचे रुपये कितीतरी कमी होऊ लागले.

दुसरी सीमा कामाची. आठवड्याला तास किती, कोणते विषय, कोणते वर्ग, बसवर सोबत जाणे आणि शनिवारचे कार्यक्रम यांची मोजदाद आहे का? ‘शाळा सांगेल ती इतर कामे’ ही एक ओळ वाचायला लहान असते, पण तिच्या पोटात अख्खा दिवस मावतो.

तिसरी सीमा कागदपत्रांची. अमिरातीत आधी नोकरीचा देकार येतो आणि मग तिथल्या कामगार मंत्रालयात करार नोंदवला जातो. देकारात कबूल केले त्यापेक्षा करारात कमी देता येत नाही, म्हणून सही केलेल्या देकाराची प्रत जिवापाड जपावी. वाद झाला तर अरबी मजकूर प्रमाण धरतात, तेव्हा इंग्रजी शेजारी अरबी काय लिहिले आहे तेही कुणाकडून वाचून घ्यावे. आपल्या परभणीत अरबी जाणणारा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, मग बघू’ असे कुणी म्हटले तर तिथेच थांबावे. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. मूळ पदवीपत्र साक्षांकनासाठी द्यावे लागते, पण ते कुणाकडे ‘जमा’ म्हणून ठेवू नये.

चौथी सीमा बाहेर पडण्याच्या वाटेची. रानाला वाट नसेल तर पीक घरी येत नाही. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे उमेदवारीचा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. त्यानंतरची नोटीस ३० ते ९० दिवसांची असते. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने सोसायचा असतो, तो शिक्षकाकडून वसूल करता येत नाही. तरीही ‘वर्ष पुरे होण्याआधी गेल्यास इतकी रक्कम भरावी’ असे कलम दिसले तर त्याचा अर्थ आधी विचारावा. मधेच आई आजारी पडली तर काय, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो.

एवढे झाल्यावर वडील म्हणाले, “पण सरकार तपासत असेल की हे!” इथेच खरी मेख आहे. दहावी न झालेला आपला गवंडी आखाती देशात जातो, तेव्हा १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारी मंजुरी घ्यावी लागते आणि त्याचा करार अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो. दहावी झालेल्याला त्या मंजुरीची गरज नाही. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यावर २०१५ मध्ये परिचारिकांसाठी ही मंजुरी पुन्हा सक्तीची झाली. शिक्षकांसाठी तशी व्यवस्था नाही. म्हणजे जिच्या हातात पदवी आहे, तिचा करार तपासणारे कुणीच नाही. सरकारने तिला शहाणी मानले आहे, तर ते शहाणपण तिने वापरायला हवे.

एजंट असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतो. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येते. तोही पावती देऊन. रान गहाण ठेवून लाखभर मोजणाऱ्याने हा आकडा आधी ऐकायला हवा.

त्या रात्री तिने नऊ प्रश्न लिहून शाळेला पाठवले. तिला धास्ती होती, इतके विचारले म्हणून नोकरीच गेली तर? मी म्हटले, “विचारल्यानं जी नोकरी जाते, ती गेल्यावर पोचल्यानंतर गेली असती. आता निदान तू घरी आहेस.” चार दिवसांनी उत्तर आले. मूळ पगार वाढवला नाही, पण उन्हाळ्याचा पगार आणि दरवर्षीचे तिकीट लिहून दिले. खोलीत तिघी राहणार हेही कळले. बाप-लेकीने पुन्हा हिशेब मांडला, महिन्याला नक्की किती उरेल ते काढले. पहिल्या आकड्याच्या निम्म्याला थोडे अधिक उरत होते. तरीही तिने सही केली, पण या वेळी प्रत्येक पान वाचून.

जाताना वडील म्हणाले, “गुरुजी, याची एक नक्कल माझ्याकडे ठेवतो.” आता त्यांच्या लोखंडी पेटीत रानाच्या खरेदीखताशेजारी लेकीचा करार आहे. माझ्या मते त्याची जागा तीच.