सहकुटुंब प्रवास आणि वाटाड्याची निवड

सुट्टी लागली की शहाद्यातील कुटुंबे आता प्रकाशे नि तोरणमाळ एवढ्यावर थांबत नाहीत. ती वेरूळ-अजिंठा, बुऱ्हाणपूर, मांडू पाहून येतात. कोणी प्रवासी कंपनीबरोबर थेट रोम-फ्लॉरेन्सपर्यंत जातात. भाड्याचा नि मुक्कामाचा हिशेब आपण बारकाईने करतो. पण जे पाहावयाचे ते समजावून कोण देणार, हा विचार प्रवेशद्वारापाशी घासाघीस करताना सुचतो. वस्तुतः तो घरून निघण्यापूर्वीच व्हावयास हवा.

प्रथम हे ठरवावे की, वाटाड्या कोठे लागतो आणि कोठे लागत नाही. बुऱ्हाणपूरचेच उदाहरण घेऊ. आपल्याच तापीच्या काठचे हे शहर फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी होते. तेथील नदीचा घाट आपला आपण पाहता येतो. परंतु जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, हे दाखविणारा नसेल तर तो न पाहताच परतण्याची पाळी येते. कुंडी भंडाऱ्याचेही तसेच. सातपुड्याकडून झिरपणारे भूगर्भातील पाणी विहिरींच्या रांगेतून व भुयारातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणण्याची ही सतराव्या शतकातील मोगल योजना. वरून विहिरींची तोंडे तेवढी दिसतात. अशा ठिकाणी जाणत्या माणसाला दिलेले पैसे कारणी लागतात.

दुसरा विचार बरोबरच्या मंडळींचा. वेरूळला ३४ लेणी आहेत. ती सारी दोन तासांत दाखवू म्हणणारी सहल स्वस्त दिसली, तरी आजीचे गुडघे आणि मुलांचे कुतूहल दोन्ही थकवते. त्यापेक्षा १६ क्रमांकाचे कैलास सावकाश पाहावे, आणि बौद्ध १० वे व जैन ३२ वे एवढे जोडीला घ्यावे. वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असतो, हेही सहल ठरविण्यापूर्वीच पाहावे.

चित्रांच्या बाबतीत तर समजावणे आधीच व्हावे. मिलान शहरी लिओनार्दोचे ‘शेवटचे भोजन’ पाहण्यास प्रत्येक गटाला अवघी १५ मिनिटे मिळतात. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांतही गर्दीच्या दिवशी फार वेळ रेंगाळता येत नाही. म्हणून जातककथा बाहेर सावलीत सांगून मग आत नेणारा वाटाड्या चांगला समजावा.

आता माणसाची पारख. सरकारमान्य ओळखपत्र पाहावे. किती तास, किती माणसे, किती पैसे हे आधी बोलून घ्यावे. तो कोणत्या भाषेत बोलणार, हेही विचारावे. आजोबांना न समजणारी माहिती कितीही पांडित्याची असली तरी काय उपयोग? वाटेत हिमरूच्या दुकानात थांबणार काय, हे विचारण्यात संकोच नसावा. दुकानात गेलेला तास लेण्यांतून वजा होतो.

शेवटची कसोटी अधिक महत्त्वाची. बुऱ्हाणपूरला मुमताजमहल १६३१ मध्ये निवर्तली, तिला प्रथम तापीपलीकडे पुरले आणि मागाहून आग्र्यास नेले, हा इतिहास आहे. ताजमहाल मुळात तापीकाठीच व्हावयाचा होता, पण वाळवीमुळे बेत बदलला, ही लोकांनी सांगितलेली गोष्ट. वाटाड्याने दोन्ही सांगाव्यात; मात्र कोणती कोणत्या जातीची, हेही सांगावे. “हे कशावरून?” असे मुलाने विचारताच जो रागावतो तो टाळावा, जो थांबून उत्तर देतो त्याला पुन्हा बोलवावे.

मुलांना ही सवय लावण्यास रोमला जावे लागत नाही. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ च्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील वस्ती उजेडात आली. जाणत्या शिक्षकाबरोबर तेथे एक सकाळ घालवावी. पांढरीच्या टेकाडावर उभे राहून प्रश्न विचारावयास शिकलेला मुलगा पुढे कोणत्याही शहरात नुसता बघ्या राहणार नाही.