पिकअपमध्ये इथेनॉल : इंजिनात काय बदलते?

एरंडोल परिसरातून केळी, मका आणि भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप गाड्या बहुतांशी डिझेलवर चालतात, आणि इथेनॉलचा प्रश्न तेथेच सर्वांत अवघड होतो. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. इथेनॉलचा सीटेन अंक, म्हणजे असे आपोआप पेटण्याची क्षमता, फार कमी असल्याने त्यासाठी स्पार्क प्लग बसवून इंजिनाची जवळजवळ पुनर्रचना करावी लागते, किंवा ज्वलनवर्धक मिसळलेले ईडी९५ हे इंधन आणि त्यासाठीच घडवलेले इंजिन लागते. २०१४ मध्ये नागपुरात चालवून पाहिलेली स्कॅनियाची इथेनॉल बस याच दुसऱ्या प्रकारातील होती.

पेट्रोल पिकअपचे रूपांतर त्यामानाने सुकर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणून इंजेक्टर मोठा बसवून किंवा तो अधिक वेळ उघडा ठेवून जास्त इंधन सोडावे लागते, आणि प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने मायलेजही घटते. इथेनॉल पाणी शोषून घेते व काही प्रकारचे रबर आणि धातू खराब करते, त्यामुळे नळ्या, सील आणि पंप बदलण्यात काटकसर करणे धोक्याचे आहे. ऑक्टेन अंक चढा असल्याने ठिणगी थोडी आधी पाडता येते, हा मात्र निश्चित लाभ होय. इंधन बदलल्याची नोंद वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात होणेही आवश्यक असते.