गाण्याचे तीन धनी

सहल, विज्ञानप्रदर्शन किंवा स्नेहसंमेलन आटोपले की हल्ली मोबाईलवर टिपलेली दृश्ये जुळवून एक छोटीशी चित्रफीत तयार होते. नुसती मूक दृश्ये बरी दिसत नाहीत, म्हणून मागे एखादे आवडते गीत लावले जाते. हे काम आता इतके सोपे झाले आहे की त्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात लागला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. शेजारच्या बागेतला आंबा तोडताना वाटतो तो संकोच येथे वाटत नाही. कारण गाणे घेतले म्हणून ते कोणाकडून कमी झालेले दिसत नाही. कायदा मात्र या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीने पाहतो.

आपल्या देशातील कॉपीराइट कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. त्यानंतर त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. या कायद्याप्रमाणे आपण ज्याला एक गाणे म्हणतो त्यात वस्तुतः तीन कृती असतात. कवीचे शब्द ही एक, संगीतकाराची चाल ही दुसरी आणि गायक-वादकांना एकत्र आणून केलेले ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिन्हींचे हक्क स्वतंत्र, आणि तिन्हींची मुदतही स्वतंत्र. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार, हे पाहून १९९२ साली कायद्यात बदल करून ती साठ वर्षे करण्यात आली.

‘गीतरामायण’ आपल्या घराघरांत पोहोचलेले आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्यातील छप्पन्न गीते प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. माडगूळकर १९७७ साली गेले आणि फडके २००२ साली. आजच्या कायद्याप्रमाणे त्यातील शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. म्हणजे एकाच गीताचे शब्द मोकळे होतील तेव्हा त्याची चाल आणखी पंचवीस वर्षे बांधलेलीच राहील. जुन्या तबकड्यांविषयीही असाच घोटाळा होतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपला, हे खरे. पण पेटी मोकळी झाली म्हणून आतला दागिना मोकळा झाला असे नव्हे.

आता याच्या उलट ‘संगीत स्वयंवर’ पाहा. हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा १९२२ मध्ये वारले, खाडिलकर १९४८ मध्ये. तेव्हा २००९ च्या प्रारंभापासून शब्द आणि चाल दोन्ही सर्वांची झाली आहेत. आपल्या शाळेतील एखाद्या मुलीने त्यातील पद स्वतः गायले, मित्राने पेटीची साथ केली आणि ते चित्रफितीत घातले, तर त्या दोघांखेरीज कोणाचीही अनुमती लागत नाही. मात्र तेच पद आजच्या एखाद्या गायिकेच्या नव्या ध्वनिमुद्रणातून उचलले, तर त्या ध्वनिमुद्रणाचा धनी जागा असतो.

या बाबतीत काही समजुती फार रूढ आहेत. ‘पंधरा सेकंदच घेतले’ असे सांगितले जाते; परंतु अमुक सेकंद माफ, असा आकडा कायद्यात कोठेही नाही. ‘खाली कवीचे नाव दिले’ असेही म्हणतात. नाव देणे योग्यच. पण नाव देणे म्हणजे अनुमती घेणे नव्हे. शाळेतील कार्यक्रमाला सवलत आहे खरी. शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढ्यांपुरता प्रेक्षकवर्ग असेल तर शालेय उपक्रमात ध्वनिमुद्रण वाजवता येते. तीच चित्रफीत इंटरनेटवर टाकली की प्रेक्षकवर्ग शाळेच्या भिंतींपुरता राहत नाही, आणि ही सवलतही तेथवर पोहोचत नाही. यूट्यूबवर तर ध्वनीची ओळख यंत्रच पटवते. मग मालक चित्रफीत बंद करू शकतो किंवा तिच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. त्याने काहीच केले नाही, तरी तेवढ्याने संमती मिळाली असे मानता येत नाही.

अनुमती मागण्यात कागदी सोपस्कारापलीकडेही काही आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करवून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच. गीत पुढे वर्षानुवर्षे वाजत राहिले तरी कवीच्या घरी काही येईलच, याची शाश्वती उरली नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोडलेल्या टिपणीत गायकाला कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंत व्यक्त केली होती. कवी आणि संगीतकार यांना न्याय मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. चित्रपटगृहाबाहेर गीताचा जो वापर होतो त्याच्या मानधनातील समान वाटा त्यांना आता लिहून देऊनही सोडता येत नाही. आपण न विचारता गाणे उचलतो तेव्हा बुडतो तो हा वाटा.

मग विचारावे कोणाला? चित्रपटगीतांचे हक्क बहुधा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे एकवटलेले असतात; जुन्या ग्रामोफोन कंपनीचा मोठा संग्रह आज सारेगामा या नावाने चालतो. भावगीतांच्या बाबतीत मात्र कवीच्या वारसांपर्यंत जावे लागण्याचा संभव असतो. पत्रात गीताचे नाव, किती भाग हवा, चित्रफीत कशाविषयी आहे, ती कोठे दाखवणार आणि तिच्यातून पैसा मिळणार की नाही, हे स्वच्छ लिहावे. जाहीर कार्यक्रमात गाणे वाजवण्याचा परवाना वेगळा आणि ते चित्राला जोडण्याचा वेगळा, हेही ध्यानात असावे. उत्तर लेखीच घ्यावे, आणि त्यात मुदत व प्रदेश यांचा उल्लेख आहे ना, ते पाहावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. इंदूरची चित्रफीत अमेरिकेतल्या मामांनी पाहावी अशी इच्छा असेल, तर ‘सर्व जगात’ हे दोन शब्द मागून घ्यावेत.

पत्र संमेलनापूर्वी दोन-तीन महिने तरी जावे. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर खाडिलकरांचे एखादे पद पाठ करायला तेवढा अवधी पुरतो.